रडार डिटेक्टर आणि लेसर जॅमर: चाचणीचे आकडे कसे वाचावेत

रडार डिटेक्टर म्हणजे पोलिसांच्या वेग मोजणाऱ्या गनची आधीच सूचना देणारं गाडीतलं यंत्र. त्याच्या तुलना वाचायला बसलं की सगळ्यात ठळक दिसतो तो अंतराचा आकडा. अमुक यंत्राला साडेसात किलोमीटरवरून गनची चाहूल लागली, तमुकला सहा. आकडा बहुधा खराच असतो. पण ताशी १०० किलोमीटर वेगाने सहा किलोमीटर कापायला साडेतीन मिनिटांहून जास्त वेळ लागतो आणि वेग उतरवायला काही सेकंद पुरतात. मग वरच्या दीड किलोमीटरचं करायचं काय? चाचणीत पाहण्यासारख्या गोष्टी दोनच: सूचना मिळाल्यावर हातात वेळ उरतो का, आणि त्या सूचनेवर भरवसा ठेवावा असं यंत्र वागतं का. मोकळ्या, सरळ रस्त्यावर मोजलेलं अंतर या दोन्हींबद्दल फार थोडं सांगतं. लेसर जॅमर तर वेगळ्याच जातीचा; तो सूचना देत नाही, लेसर गनच्या मोजणीतच अडथळा आणतो. त्याला डिटेक्टरच्या पंगतीत बसवून मोजणं ही पहिली गफलत.

गन काय पाठवते, डिटेक्टर काय ऐकतो

रडार गन सूक्ष्मलहरींचा झोत रस्त्यावर सोडते. गाडीवर आपटून परतणाऱ्या लहरीची वारंवारता किंचित बदललेली असते. गाडी जवळ येत असेल तर वाढते, लांब जात असेल तर घटते. हाच डॉप्लर परिणाम. २४.१५ गिगाहर्ट्झची गन आणि समोरून ताशी १०० किलोमीटरने येणारी गाडी धरली तर फरक येतो सुमारे ४,४७० हर्ट्झ. चोवीस अब्जांपुढे साडेचार हजार म्हणजे किस झाड की पत्ती, पण गेलेली आणि आलेली लहर एकमेकींत मिसळली की तेवढाच फरक वेगळा काढता येतो. गंमत म्हणजे तो माणसाच्या कानाच्या टप्प्यात येतो. बऱ्याच पोलिसी रडारमधून तो सुरासारखा ऐकवलाही जातो, आणि सरावलेला पोलिस आकडा बघायच्या आधीच सुरावरून वेगाचा अंदाज बांधतो.

या लहरींसाठी ठरलेले पट्टे आहेत. जुना एक्स बँड १०.५२५ गिगाहर्ट्झचा, के बँड २४.१५ च्या आसपासचा आणि केए बँड अमेरिकेत ३३.४ ते ३६ असा ऐसपैस. मात्र तिथल्या पोलिसांच्या केए गन प्रत्यक्षात ३३.८, ३४.७ आणि ३५.५ या तीन ठिकाणांच्या जवळपासच सापडतात. ही बारीकशी माहिती पुढे चाचणीत मोठी होते.

आता डिटेक्टर गनच्या आधी कसा काय जागा होतो? काळोखात बॅटरी घेऊन येणारा माणूस आपल्याला लांबून दिसतो. त्याच्या उजेडात आपण त्याला दिसायला मात्र तो बराच जवळ यावा लागतो. रडारचं तसंच आहे. डिटेक्टरला लहर एकदाच, जाताना मिळते. गनला ती गाडीपर्यंत जाऊन परत यावी लागते. अंतर दुप्पट झालं की डिटेक्टरला मिळणारी ताकद चौथा हिस्सा होते, पण गनकडे परतणारा प्रतिध्वनी सोळावा हिस्सा होतो. निसर्गानेच डिटेक्टरला झुकतं माप दिलंय.

त्यामुळे चांगल्या डिटेक्टरला लांबून ऐकू येणं यात आता नवल राहिलेलं नाही. १९७८ साली होतं. अमेरिकेत १९७४ पासून महामार्गांवर ताशी ५५ मैलांची, म्हणजे साधारण ८८ किलोमीटरची मर्यादा देशभर लागू झाली होती आणि डिटेक्टरांना गिऱ्हाईक मिळू लागलं होतं. सुरुवातीची यंत्रं जेमतेम ऐकणारी होती. सिनसिनाटी मायक्रोवेव्ह या कंपनीतून जिम येगर आणि माइक व्हॅलेंटाइन यांनी ‘एस्कॉर्ट’ आणला, त्यात रेडिओतली सुपरहेटरोडाइन पद्धत होती आणि ऐकण्याचा पल्ला एकदम वाढला. पुढे दोघे वेगळे झाले. व्हॅलेंटाइन यांच्या ‘व्हॅलेंटाइन वन’ने १९९२ मध्ये पुढे एक आणि मागे एक असे दोन अँटेना बसवून सिग्नल कुठल्या बाजूचा आहे हे बाणाने दाखवायला सुरुवात केली. माझ्या मते त्यानंतरची सगळी वाढीव किलोमीटरं एका पारड्यात टाकली तरी हा बाण भारी पडेल. गन मागे पडली हे कळणं आणि नुसता आवाज होत राहणं यात फार अंतर आहे.

सुपरहेटरोडाइनची एक किंमत मात्र आहे. या पद्धतीत डिटेक्टर स्वतःच आत एक लहर तयार करतो आणि बाहेरून आलेल्या लहरीत ती मिसळतो. त्या आतल्या लहरीची थोडी गळती अँटेनातून बाहेर होते. नुसतं ऐकणारं यंत्र हळू आवाजात बोलतंही! जिथे डिटेक्टर बेकायदा आहेत तिथे पोलिस नेमकी ही गळती पकडणारी यंत्रं वापरतात. त्यातलं ‘स्पेक्टर’ प्रसिद्ध आहे. चाचणी करणाऱ्यांनाही ही गळती नडते. दोन डिटेक्टर एकाच काचेवर शेजारी-शेजारी लावून ‘आधी कोण वाजतो’ अशी शर्यत दाखवतात, ती बघायला झकास वाटते. पण एकाच्या गळतीने दुसरा वाजू शकतो किंवा बहिरा होऊ शकतो. तसली तुलना बाजूला सारावी.

गोंगाट, आणि तो गाळण्याची किंमत

डिटेक्टरची खरी अडचण ऐकू न येण्याची नाही, नको तेही ऐकू येण्याची आहे. दुकानांचे आपोआप उघडणारे दरवाजे एक्स आणि के बँडवर चालतात. त्याहून मोठी डोकेदुखी इतर गाड्यांची. मागून किंवा बाजूने गाडी आली की आरशात दिवा लावणारी ब्लाइंड स्पॉट यंत्रणा बऱ्याच गाड्यांत २४ गिगाहर्ट्झवर चालते, म्हणजे ऐन के बँडात. अशी एक गाडी पुढे चालली की डिटेक्टर मैलोन्‌मैल केकाटत राहतो. नव्या गाड्यांतली रडारं ७६ ते ८१ गिगाहर्ट्झकडे सरकली आहेत, त्यामुळे हा त्रास हळूहळू ओसरेल; पण जुन्या गाड्या काही उद्या भंगारात जाणार नाहीत.

उपाय म्हणून उत्पादक गाळण्या लावतात. एका जागी रोज मिळणारा सिग्नल जीपीएसच्या आधाराने लक्षात ठेवून तिथे गप्प बसायचं, ही एक. जागा न बदलणाऱ्या दरवाज्यांना ती छान लागू पडते, चालत्या गाड्यांना नाही. त्यांच्यासाठी सिग्नलचा आकार, कालावधी, सरकण्याची चाल तपासणारं सॉफ्टवेअर असतं. तपासायला वेळ लागतो आणि ताशी १०० ला प्रत्येक सेकंद २८ मीटर खातो. गाळणी जितकी कडक तितकी खरी सूचनाही उशिरा, आणि क्षीण गन कधीकधी गाळातच जमा. मल्टारडारसारखी कमी ताकदीची, २४ गिगाहर्ट्झच्या आसपास वारंवारता सतत सरकवत मोजणारी रडारं हे त्याचं ठळक उदाहरण. ती ओळखायची तर वेगळी तपासणी चालू ठेवावी लागते, आणि ती चालू ठेवली की खोट्या सूचना वाढतात.

म्हणून एखाद्या अहवालात अंतरं दिलीत पण सेटिंग दिलेलं नाही, तर तो अर्धवट आहे. केए बँड पूर्ण ऐकायचा की त्या तीन ठिकाणांपुरता, यावरच निकाल बराच हलतो. ऐकायचा पट्टा अरुंद केला की यंत्र त्याच जागी वरचेवर परतून येतं, त्यामुळे पल्लाही वाढतो आणि प्रतिसादही जलद होतो. एका यंत्राला असं हाताने जुळवून घ्यायचं आणि दुसरं डब्यातून काढून तसंच लावायचं, हा डाव तुलना करणारे कधी मुद्दाम, कधी नकळत खेळतात.

चाचणी रंगते ती चढावर

सपाट सरळ रस्त्यावर सगळी बरी यंत्रं भरपूर लांबून वाजतात आणि फरक फक्त आकड्यांत उरतो. फरक दिसतो तो गन नजरेआड असताना. रस्त्याला उंचवटा आहे, गन त्याच्या पलीकडच्या उतारावर उभी आहे, गाडी अलीकडून येतेय. थेट रेषा नाही. डिटेक्टरला मिळतात ते झाडांवरून, दिशादर्शक फलकांवरून, उंचवट्याच्या कडेवरून विखुरलेले तुकडे. इथे एक यंत्र माथ्याच्या ९०० मीटर आधी वाजलं आणि दुसरं २०० मीटर आधी, तर तो फरक खरा. ताशी १०० ला ९०० मीटर म्हणजे ३२ सेकंद, २०० मीटर म्हणजे सात. वळणाच्या आडची गन आणि रस्त्याकडे तिरकी धरलेली गन यांच्या फेऱ्याही तितक्याच बोलक्या असतात.

अशी एक फेरी नीट करायची तर काय काय सांभाळावं लागतं पाहा. गन तिपाईवर पक्की. हातात धरली तर तिचा रोख दर फेरीला दोन अंश इकडेतिकडे होणार. डिटेक्टर काचेवर त्याच जागी, त्याच उंचीवर, पुढे वायपर किंवा धातूचा लेप असलेली काच नको, कारण तसल्या काचेतून सूक्ष्मलहरी नीट आत येत नाहीत. एका वेळी एकच यंत्र, बाकीची बंद. वेग तोच. पहिल्या ‘टीं’ची जागा जीपीएसवर नोंदवायची आणि सलग वाजायला लागल्याची वेगळी नोंदवायची, कारण एखादा तुकडा चुकून कानी पडून यंत्र एकदा वाजलं आणि पुन्हा गप्प झालं तर ‘पहिल्या सूचनेचं अंतर’ भरघोस दिसतं, पण चालकाला त्याचा उपयोग शून्य. मध्येच ट्रक आला तर ती फेरी बाद. ट्रकची भली थोरली सपाट बाजू लहरी कुठच्या कुठे परावर्तित करते.

आणि क्रम. पहिलं यंत्र सकाळी, चौथं भर दुपारी अशी चाचणी झाली तर यंत्रांबरोबर हवामान, रहदारी आणि गनची बॅटरी यांचीही तुलना झाली. जाणते लोक शेवटी पहिलं यंत्र पुन्हा चालवतात. दोन्ही वेळचे आकडे जुळले नाहीत, तर तेवढ्या फरकापर्यंत दुसऱ्या यंत्रांतला फरकही मानायचा नाही. हा एक नियम लावला तरी बहुतेक ‘विजेते’ बरोबरीत येऊन बसतात.

यात एक मोठी गोष्ट अजून राहिली. वरच्या सगळ्या फेऱ्यांत गन सतत चालू असते. प्रत्यक्षात पोलिस ती बंद ठेवून बसतात, गाडी टप्प्यात आली की खटका दाबतात आणि सेकंदाच्या आत आकडा मिळतो. अशा वेळी तुमचा डिटेक्टर सात किलोमीटरचा असो की दोनचा, तो वाजतो तेव्हा मोजणी झालेली असते. उपयोग होतो तो फक्त तुमच्या पुढे कुणीतरी असेल आणि पोलिसाने आधी त्याला मोजलं असेल तर. त्या खटक्याचे क्षीण, क्षणिक तुकडे तुमच्यापर्यंत पोचतात. तेव्हा कसोटी लागते ती छोटा आणि दुबळा सिग्नल झटकन ओळखण्याची. काही गनमध्ये ‘पॉप’ नावाची सोय होती, ६७ मिलिसेकंदांची झलक सोडणारी. इतक्या वेळात सगळे पट्टे चाळून होणं जुन्या यंत्रांना जमायचं नाही. खटका दाबणाऱ्या गनसमोरच्या फेऱ्या ज्या अहवालात नाहीत, तो अहवाल वापराच्या रस्त्याबद्दल बोलतच नाही.

लेसरपुढे डिटेक्टरचं काही चालत नाही

लेसर गनमध्ये डॉप्लरचा संबंध नाही. ती सुमारे ९०४ नॅनोमीटरच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे बारीक ठोके सोडते, सेकंदाला शंभर-दोनशे वगैरे, आणि प्रत्येक ठोका परत यायला किती वेळ लागला ते मोजते. ३०० मीटरवरच्या गाडीकडून प्रकाश दोन मायक्रोसेकंदांत परततो. लागोपाठच्या ठोक्यांवरून अंतर किती झपाट्याने कमी होतंय ते कळलं की वेग मिळाला. सगळं मिळून अर्ध्या सेकंदाच्या आत.

झोत अतिशय अरुंद. तीन मिलिरेडियन पसरणारा झोत धरला तर ३०० मीटरवर त्याचा ठिपका जेमतेम ९० सेंटिमीटरचा होतो, १०० मीटरवर ३० सेंटिमीटरचा. पोलिस नेम धरतो नंबरप्लेटवर, कारण ती बहुतेक देशांत आलेला प्रकाश सरळ मागे परतवणाऱ्या पत्र्याची असते, किंवा हेडलाइटवर. डिटेक्टर बसलेला असतो वर, काचेपाशी. म्हणजे जवळच्या अंतरावर झोत त्याच्यापर्यंत पोचतच नाही; पोचलाच तर विखुरलेला कवडसा. आणि वाजला तरी त्याचा अर्थ ‘तुमचा वेग मोजला गेला’ इतकाच. डिटेक्टरच्या डब्यावर ‘३६० अंश लेसर संरक्षण’ असं काहीतरी लिहिलेलं असतं, त्याकडे काणाडोळा करावा.

इथे जॅमर येतो. त्याची छोटी डोकी ग्रिलमध्ये किंवा बंपरमध्ये, हेडलाइट आणि नंबरप्लेटजवळ बसवतात. प्रत्येक डोक्यात प्रकाश टिपणारा भाग असतो आणि स्वतः ठोके सोडणारा लेसर डायोड. गनला फसवायचं तर खोटा ठोका खऱ्या प्रतिबिंबाच्या आधी पोचायला हवा. पण गनचा ठोका आला, तो ओळखला आणि मग उत्तर दिलं, एवढ्यात खरं प्रतिबिंब पुढे निघून गेलेलं असतं. म्हणून जॅमरला पुढचा ठोका कधी येणार ते आधीच ताडावं लागतं. बहुतेक गन ठरावीक लयीत ठोके सोडतात. जॅमर सुरुवातीच्या काही ठोक्यांवरून लय हेरतो, आपल्या यादीतल्या गनशी जुळवतो आणि त्याच लयीत थोडा आधी बोलत राहतो. अंदाधुंद ठोक्यांचा भडिमार करण्याची जुनी रीत मागे पडली, कारण नव्या गन तसा भडिमार ओळखून पडद्यावर जॅमिंगची खूण दाखवतात.

गन बनवणाऱ्यांनी पुढचा डाव टाकला तो लयच मोडण्याचा. ड्रॅगनआय कंपनीच्या गन ठोक्यांमधलं अंतर बदलत ठेवतात, मग ताडायचं काय? जॅमर बनवणारे त्यावर सॉफ्टवेअर काढतात, गनवाले पुन्हा काहीतरी बदलतात.

जॅमरच्या चाचणीत अंतराचा अर्थ उलटा होतो. गाडी गनकडे येत राहते आणि गन ट्रिगर दाबून धरलेली असते. शेवटपर्यंत आकडा आलाच नाही तर पूर्ण यश. मध्ये कुठे आकडा उमटला तर ते भेदलं गेल्याचं अंतर, आणि ते जितकं कमी तितकं जॅमरसाठी चांगलं. जवळ आल्यावर गन का जिंकते? परतणारा प्रकाश वाढतो हे एक. दुसरं कारण जास्त रंजक आहे: ठिपका आक्रसतो. ८० मीटरवर २४ सेंटिमीटरचा ठिपका एका हेडलाइटवर पडला आणि डोकं तिथून हातभर लांब असलं, तर जॅमरला काही ऐकूच येत नाही, त्यामुळे तो बोलतही नाही. म्हणूनच एकाच जॅमरने छोट्या मोटारीवर पूर्ण यश दाखवावं आणि रुंद, उंच एसयूव्हीवर सपशेल आपटावं असं होतं. फक्त नंबरप्लेटवर नेम धरून केलेली चाचणी जॅमरवाल्यांच्या सोयीची. दोन्ही हेडलाइटवर वेगवेगळ्या फेऱ्या व्हायला हव्यात.

शिवाय जॅमर बंद ठेवून एक फेरी आधी हवीच. त्या गनला त्या दिवशी, त्या काळपट गाडीवर मुळात किती लांबून आकडा मिळतो? तापलेल्या डांबरावरून हवा लवलवत असेल किंवा गनच्या भिंगावर धूळ असेल, तर गन आधीच अधू असते आणि श्रेय मात्र जॅमरला जातं. गन धरणाऱ्याला जॅमर चालू आहे की बंद हे कळू नये, ही अटही घालावी. माहीत असलं की हात आपोआप नेम ढिला किंवा घट्ट करतो. ‘पॅसिव्ह’, म्हणजे स्वतः काहीच न सोडणारे जॅमर, नंबरप्लेटवरचे फवारे, झाकणं यांची बोळवण या एका बंद-चालू फेरीतच होते: दोन्ही आकडे सारखेच येतात.

कायद्याचं थोडक्यात. डिटेक्टर ऐकतो आणि जॅमर मोजणीत अडथळा आणतो, हा भेद कायदेही करतात. अमेरिकेत खासगी मोटारीतला डिटेक्टर बहुतेक राज्यांत चालतो, व्हर्जिनियात आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये नाही. मोठ्या व्यावसायिक वाहनांत देशभर बंदी. रडार जॅमर तिथे केंद्रीय कायद्यानेच गुन्हा आहे. लेसर जॅमर त्या रेडिओ कायद्यात बसत नाही, पण कॅलिफोर्निया, टेक्सास, इलिनॉय अशा राज्यांनी स्वतंत्र बंदी घातली आहे. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया, अल्बर्टा आणि सस्कॅचेवान वगळता डिटेक्टरच बेकायदा. फ्रान्स, स्वित्झर्लंडमध्येही बंदी आहे. ब्रिटनमध्ये डिटेक्टर चालतो, पण जॅमर वापरणाऱ्यांवर न्यायात अडथळा आणल्याचा खटला चालून तुरुंगवास झालेला आहे. पुष्कळ जॅमर ‘पार्किंग सेन्सर’ म्हणून विकले जातात. न्यायालयात ते लेबल फारसं कामाला येत नाही. माझं विचाराल तर डिटेक्टर वाजल्यावर माणूस निदान वेग कमी करतो. जॅमर त्याची गरजच काढून घेतो, आणि मला ते पटत नाही.

सरासरी वेग मोजणारे कॅमेरे, ब्रिटनमध्ये १९९९ पासून असलेले ‘स्पेक्स’सारखे, दोन ठिकाणी नंबरप्लेटचा फोटो घेऊन मधल्या वेळेचा भागाकार करतात. रस्त्यात पुरलेली वेटोळी किंवा दाबपट्ट्याही वेग मोजतात. यातलं काहीच रडार किंवा लेसर सोडत नाही, तेव्हा डिटेक्टर आणि जॅमर दोघांनाही त्याचा पत्ता लागत नाही. कुठल्याही तुलनेच्या तक्त्यात हा रकाना नसतो, कारण त्यात सगळ्यांना शून्य द्यावं लागेल.

राहता राहिला जॅमरच्या अहवालातला सगळ्यात छोटा तपशील, जो बहुतेक जण ओलांडून जातात: चाचणीची तारीख, जॅमरमधल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि गनचं नेमकं मॉडेल. डिटेक्टरचा चार वर्षांपूर्वीचा निकाल आजही बऱ्यापैकी लागू पडतो, कारण ३४.७ गिगाहर्ट्झ हे ३४.७ च राहतात. जॅमरचा निकाल त्याच्यासमोर होत्या तेवढ्याच गनपुरता असतो. ठोक्यांची लय बदललेली एक नवी गन आली की तोच जॅमर, त्याच गाडीवर, २०० मीटरवरच भेदला जातो आणि जुन्या तक्त्यात मात्र त्याच्यापुढे पूर्ण यशाची खूण तशीच असते.